आमच्या वर्षाचा रंग

"हे घ्या. आता डोळे भरून बघा आणि एकदाचं काय ते सांगा," बाबी पेंटर म्हणाला. ब्रश डब्याच्या कडेला पुसून तो उंबऱ्यावर टेकला आणि खिशात विडी चाचपायला लागला.

माजघराच्या मागच्या भिंतीवर, गणपती बसतो त्या जागी, त्यानं दोन मोठे चौकोन रंगवले होते. डावीकडे बदामी, उजवीकडे मोरपिशी. बदामी म्हणजे चहात दूध जास्त झालं की होतो तसा, असून नसल्यासारखा. मोरपिशी मात्र दारातून पाऊल टाकलं की अंगावर यायचा.

"बदामी," आप्पा म्हणाले.

"मोरपिशी," मी म्हणाले.

दोघांच्याही तोंडून एकदमच निघालं. काकी फिसकन हसली. आई हसली नाही. ती तांदूळ निवडत होती, ती तशीच निवडत राहिली.

"झालं! म्हणजे काम वाढलं," बाबी म्हणाला.

या गोष्टीला आता तीस-बत्तीस वर्षं झाली. तेव्हा मी चोविशीची होते आणि पडवीत शिवणक्लास चालवत होते. माझ्या वडिलांना, नानांना, जाऊन दीड वर्ष झालं होतं. आप्पा त्यांचे धाकटे भाऊ. राजापूरकडच्या आमच्या गावात त्यांचं किराणाचं दुकान होतं. घर एकच, पण चुली दोन. अलीकडे आमची, पलीकडे आप्पांची. मधलं माजघर तेवढं सामाईक, आणि माजघरातला गणपतीही सामाईक.

सामाईक म्हणजे आजोबांनी लावून दिलेल्या रीतीनं. एक वर्ष नानांचं, एक वर्ष आप्पांचं. ज्याचं वर्ष त्यानं मूर्ती सांगायची, ज्याचं वर्ष त्यानं भिंतीला रंग काढायचा, आणि ज्याचं वर्ष त्याच्या घरातलं माणूस पूजेला बसणार. दुसऱ्यानं मदत करायची, देवाच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला नारळ-सुपाऱ्या बांधायच्या, आरतीत ओरडायचं, पण पाटावर बसायचं नाही.

नानांना रंगांची भारी हौस. त्यांच्या वर्षी कधी डाळिंबी भिंत, कधी पोपटी, एकदा तर जांभळी. जांभळ्या वर्षी अख्खं गाव आमच्याकडे गणपतीपेक्षा भिंतच बघायला आलं होतं आणि नाना दारात उभे राहून सगळ्यांना "कशी वाटतेय?" विचारत होते. आप्पांच्या वर्षी मात्र ठरलेला बदामी. न चुकता बदामी. त्यामुळे दर्शनाला येणाऱ्या माणसाला यंदा वर्ष कुणाचं हे विचारावंच लागत नसे. भिंत बघितली की कळायचं.

नाना गेले त्या सालचा गणपती आप्पांचा होता. बदामी भिंत, साधी आरती, ना फुगड्या ना भजन. आता हे वर्ष आमचं. आणि आमच्या घरात उरलो होतो आई आणि मी.

पावसाळ्याच्या तोंडाला आप्पा एकदा जाता जाता आईला म्हणाले होते, "वैनी, यंदा पूजेला मीच बसतो. तुम्ही कशाला दगदग करता?" आईनं मान हलवली. हो अशी नाही, नाही अशीही नाही. मी शिवणयंत्रावर होते. माझा पाय थांबला.

मला ठाऊक होतं की असं वर्ष एकदा सोयीसाठी दिलं की ते परत येत नाही. वरच्या वाडीतल्या सुमनमावशीनं नवरा गेल्यावर एक वर्ष दिराला दिलं होतं, पोरी लहान आहेत म्हणून. पोरी मोठ्या झाल्या, पण वर्ष काही परत आलं नाही. सुमनमावशी स्वतःच्याच घरच्या गणपतीला ताटात दुर्वा घेऊन पाहुणीसारखी जायची, आणि दीर म्हणायचा, "या या, बसा."  नानांचं नाव त्या माजघरातून असंच सोयीसोयीनं पुसलं जाणार, आणि ते मला मुळीच चालणार नव्हतं.

आता आप्पा वाईट माणूस होते का? छे! तसं असतं तर सोपं झालं असतं. सरळ भांडता आलं असतं. आप्पा म्हणजे वाटणीच्या बाबतीत काट्यावर चालणारा माणूस. विहिरीचा पंप एक, आणि बागेला पाणी लावायच्या बाऱ्या ठरलेल्या. नानांचं तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मागच्या दारी येऊन म्हणाले, "कुंदे, आज बारी तुमची. पंप लाव." डोळे सुजलेले होते त्यांचे, पण बारी चुकवली नाही. त्या दिवशी मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं होतं.

पण विहीर वेगळी आणि देव वेगळा. मुलीनं, तेही बिनलग्नाच्या, पाटावर बसायचं? हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. आणि ते मला तोंडावर सांगणंही त्यांना शक्य नव्हतं. मलाही त्यांना तोंडावर विचारायची हिंमत होत नव्हती. म्हणून मग आम्ही सगळे रंगावर बोलत होतो.

"मोरपिशी काळोख करील," आप्पा म्हणाले. "माजघराला खिडकी नाही. आधीच उजेडाची बोंब."

"समोरचं दार आहे की," मी म्हणाले. "सकाळचा उजेड थेट भिंतीवर येतो. बघा, आत्ता आलाय."

खरंच आला होता. मोरपिशी चौकोन नुसता खुलला होता. बाबीनं विडी ओढत डोळे बारीक केले. "आता दिसतोय झकास. खोटं कशाला बोलू?"

"तुझं काय जातंय? तुझा डबा खपतो," आप्पा म्हणाले.

"आप्पा, डबा कुठलाही खपतो. माझी अजून किती घरं राहिलीत. गणपती तोंडावर आलेत आणि तुम्ही इथं रंगांची लग्नं जुळवत बसलात."

"अगो पण समोर कोणी बसल्याशिवाय कसं कळणार?" काकी म्हणाली. आमची काकी अंगानं चांगली भरलेली, गोरीपान, आणि थट्टेत कुणाला हार न जाणारी. ती उठली, भिंतीजवळ गेली आणि मोरपिशी चौकोनासमोर सरळ मांडी घालून बसली. एक हात आशीर्वादाला वर धरला. "घ्या. मीच गणपती. आता सांगा."

बाबीला ठसका लागला. आईसुद्धा हसली. काकी त्या दिवशी पिवळं लुगडं नेसली होती, आणि मोरपिशीपुढं ती पिवळाई अशी काही उठून दिसली की मी टाळीच वाजवली. "बघा आप्पा! याला म्हणतात कॉन्ट्रास्ट!"

"ते तुझ्या ब्लाउजपिसांत," आप्पा म्हणाले. "ए, इकडे बस जरा. बदामीपुढं."

काकी घसरत घसरत बदामीपुढं गेली. पिवळं आणि बदामी एकमेकांत मिसळून गेलं. काकीचं अर्धं अंगच भिंतीत गेल्यासारखं झालं.

"आता देव शोधावा लागेल," मी म्हणाले.

आप्पांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "देवाला शोधायलाच येतात माणसं," ते म्हणाले आणि टोपी सारखी करून दुकानाकडे निघाले. दारातून वळून आईला म्हणाले, "वैनी, तुम्ही का बोलत नाही काही? रंग कुठला?"

"मला दोन्ही सारखेच, भावजी," आई म्हणाली.

मला आईचा असा राग आला! बाबी डबे झाकता झाकता म्हणाला, "उद्या सकाळी येतो. तोवर ठरवा, नाहीतर अर्धी भिंत अशी अन् अर्धी तशी मारून जातो. मला काय?"

तो गेल्यावर मी आईला म्हणाले, "सारखेच? आई, सारखेच आहेत का ते?"

"कुंदा, मला कळत नाही असं समजू नकोस," आई तांदळावरची नजर न काढता म्हणाली. "बदामी लागला की गाव म्हणणार, आप्पांचं वर्ष. मग काही बोलायलाच नको. सगळं कळतं मला. पण उद्या पंप बिघडला, छपराचं कौल सरकलं, तुझं लग्न ठरलं, तर धावत कोण येणार? आप्पाच ना?"

"म्हणून नानांचं वर्ष सोडायचं?"

 आईनं तांदळातला खडा काढून दारातून बाहेर टाकला.

त्या दिवशी क्लासच्या मुलींवर मी उगाचच करवादले. एकीनं बाही उलटी लावली, तर तिला रडकुंडीला आणलं. डोळ्यांसमोर सारखे ते दोन चौकोन. संध्याकाळी नेहमीप्रमाणे वीज गेली. तिन्हीसांजेला आईनं समई लावली आणि माजघरात, भिंतीपासून हातभर अंतरावर, नेहमीच्या जागी ठेवली. मी सहज तिथून जात होते. थबकले.

मोरपिशी चौकोन दिसतच नव्हता. म्हणजे दिसत होता, पण भिंतीला भगदाड पडल्यासारखा. नुसता काळा. शेजारचा बदामी मात्र समईच्या उजेडात असा काही उजळला होता की तो सकाळचाच रंग आहे हे मला खरं वाटेना.

तेवढ्यात काकी विरजण मागायला आली. मी तिचा हात धरला. "काकी, जरा बस ना तिथं."

"परत? का गो, सकाळी नैवेद्य दाखवायचा राहिला का?"

"बस ना गं."

ती हुश्श करत मोरपिशीपुढं बसली. तिची नथ तेवढी चमकली. बाकी काकी कुठं आहे ते अंदाजानंच समजायचं. "आता बदामीपुढं," मी म्हणाले. ती सरकली आणि तिचा चेहरा उजळला. समईचा उजेड भिंतीवर आपटून मागून तिच्या कानशिलांवर, खांद्यांवर येत होता. लुगड्याची पिवळाई आता भिंतीत जात नव्हती, उलट भिंतीतूनच पुढं येत होती. आमच्याकडे गणपतीची खरी गर्दी संध्याकाळच्या आरतीला. आणि त्या वेळी वीज हमखास गेलेली. म्हणजे आप्पा बरोबर होते. साफ बरोबर होते, आणि माझा अगदी जीव चडफडला.

काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. "काय गो?"

"काही नाही."

"बदामीच बरा दिसतो ना?"

"मला मोरपिशीच हवाय."

"अगो, मी रंगाचं विचारतेय," काकी म्हणाली.

 काकी जमिनीला हात टेकून उठली, विरजणाची वाटी घेतली आणि जाता जाता माझ्या डोक्यावर हलकीशी टपली मारून गेली.

रात्रभर माझं मन काही थाऱ्यावर नव्हतं. मोरपिशी लावावा तर देव अंधारात. बदामी लावावा तर नाना अंधारात. आप्पांना जाऊन सरळ म्हणावं का, की पूजेला मी बसणार? शंभरदा मनात म्हणून बघितलं. तोंडातून शब्द निघेल असं काही वाटेना.

सकाळी बाबी आला तो शिडी घेऊनच. "ठरलं का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पा दुकानाकडून आले. बहुतेक तेही रात्रभर विचार करत असावेत, कारण ते येता येताच बोलले, "लाव रे मोरपिशी."

बाबीनं चमकून बघितलं. "मोरपिशी? आप्पा, तुम्ही सांगताय?"

"लाव म्हणतो ना. पोर हट्टाला पेटलीय. बापाविना पोर आहे, राहू दे तिच्या मनासारखं. एका वर्षानं काय बिघडतंय? माझी परवानगी आहे."

ते प्रेमानंच म्हणाले. आवाज अगदी मऊ होता. आदल्या दिवशी मला हाच रंग हवा होता, आणि आता तो हातात येत होता. पण 'परवानगी' ऐकल्यावर माझ्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. नानांनी जांभळा लावला तेव्हा कुणाची परवानगी घेतली होती?

"आप्पा," मी म्हणाले, "यंदा वर्ष कुणाचं?"

"आता तो विषय कशाला—"

"सांगा ना."

आप्पांनी बाबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुमचंच," ते म्हणाले.

"मग परवानगी कसली देताय?"

"कुंदा!" चुलीपाशी असलेली आई ओरडली.

मी बाबीकडे वळले. "बाबी," मी म्हणाले, "बदामी लाव."

बाबी शिडी धरून उभा तो उभाच. "आयला, काय चाललंय काय तुमचं? काल हिचा मोरपिशी आणि तुमचा बदामी. आज हिचा बदामी आणि तुमचा मोरपिशी. मी जातो, सुतारवाडीतली कामं खोळंबलीत."

"थांब," मी म्हणाले. "बदामीच. चारही भिंती."

"अगो, मी मोरपिशी लाव म्हणतोय ना!" आप्पांचा आवाज चढला. "मग आता काय झालं?"

"तुम्ही म्हणताय म्हणून लावायचा नाही. आणि बदामी तुमचा म्हणूनही लावायचा नाही. काल समईच्या उजेडात मी दोन्ही बघितले. मोरपिशी काळा पडतो. आरतीला देव दिसायचा नाही. बदामीवर उजेड परततो. म्हणून बदामी."

"मी कालपासून हेच सांगत होतो!"

"होय. रंगाचं तुमचं बरोबर होतं. पण हा आम्ही निवडलाय, आप्पा. वर्ष आमचं आहे, रंग आम्ही निवडलाय."

 आप्पांनी टोपी काढली, तिच्यावरची धूळ झटकली, परत घातली. काकीनं चहा आणला होता, तो तसाच ठेवून ते दुकानात गेले. बाबीनं तो चहा पिऊन टाकला आणि बदामीचा डबा उघडला.

दुपारी आई माझ्यावर फाडकन बरसली. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "मिळत होतं ते का सोडलंस? मोरपिशी लागला असता तर गावाला न सांगता कळलं असतं. आता चारही भिंती बदामी! कोण म्हणणार हे नानांचं वर्ष? दारावर पाटी लावणार आहेस? का येईल त्याला सांगत बसणार?"

"तुला तर दोन्ही सारखेच होते," मी म्हणाले.

"'सारखेच' हे नुसतं तोंडानं म्हणाले. मनातून मला मोरपिशीच हवा होता," आई म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून मागच्या दारी गेली. मग मात्र मला रडू कोसळलं. खरंच माती खाल्ली असं वाटायला लागलं. ताठा दाखवायला गेले आणि हातातलं घालवून बसले.

गणपतीपर्यंतचे दिवस आप्पा माझ्याशी कामापुरतं बोलले. "नारळ आणलेत." "माटवीची दोरी बदलायला हवी." मीही "हो", "बरं" एवढंच. पूजेचा विषय त्यांनी काढला नाही आणि मी काढला नाही. माटवी बांधताना ते शिडीवर आणि मी खालून सुपाऱ्यांचे घोस देत होते. एकदा वाटलं, आता विचारावं. पण काकी नेमकी मध्ये आली आणि राहून गेलं.

चतुर्थीच्या सकाळी आप्पांनीच नेहमीप्रमाणे मूर्ती डोक्यावर घेऊन आणली. आईनं उंबऱ्यात त्यांच्या पायांवर पाणी घातलं, मूर्तीवरून भाताची मूद ओवाळून टाकली. देव बदामी भिंतीसमोर बसला. आणि खरं सांगते, आमच्या वर्षी तसा तो आधी कधी दिसला नव्हता. पण मला त्याचं सुख घेता येईना, कारण थोड्या वेळानं आप्पा आंघोळ करून आले ते सोवळं नेसूनच.

म्हणजे झालं. हे बसणार. माझ्या हातातल्या ताटात दुर्वा निवडून ठेवल्या होत्या. मला सुमनमावशी आठवली आणि ताट एकदम जड झालं.

पडवीत शेजारपाजारची माणसं जमली होती. दामले गुरुजी घामाघूम होत आले. त्यांना त्या दिवशी श्वास घ्यायलाही सवड नसे. पिशवी खाली ठेवता ठेवता त्यांनी भिंतीवर नजर टाकली.

"अरे वा! आप्पांचं वर्ष. चला आप्पा, बसा पाटावर. मला अजून खालची वाडी उरकायचीय."

आईनं मान खाली घातली. मी ताट घेऊन मागं सरकले. पाट मांडलेला होता, आप्पा पाटापासून दोन पावलांवर उभे होते आणि सगळे त्यांच्यासाठी वाट करून देत होते.

आप्पा जागचे हलले नाहीत.

"चला की," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, वर्ष माझं नाही," आप्पा म्हणाले.

"अं? भिंत बदामी बघून मला वाटलं—"

"सगळ्यांनाच वाटणार. म्हणून सांगतोय." ते गुरुजींशी बोलत होते, पण तोंड पडवीतल्या माणसांकडे होतं. "वर्ष नानाच्या घरचं. रंग त्याच्या कुंदानं निवडलाय. पूजेलाही तीच बसेल."

 गुरुजींनी चष्मा वर सरकवला. "मुलगी बसणार? अहो, तिचं तर अजून लग्न व्हायचंय ना?"

"व्हायचंय. पण वर्ष यंदाचं आहे."

"तिचं लग्न होईस्तोवर गणपती थांबायचेत होय?" मागून काकी म्हणाली. पडवीत कुणीतरी हसलं.

गुरुजींनी एकदा देवाकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे बघितलं. "बरं, बसू दे. मला काय, संकल्प सांगायचा," ते म्हणाले.

 आप्पांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "बस. कुठं पळी धरायची, कुठं पाणी सोडायचं तुला ठाऊक नाही. मी शेजारी बसून सांगतो. म्हणून तर हे नेसलोय," ते म्हणाले. ते आधीपासून तसं ठरवून सोवळं नेसले होते, की तिथं उभ्या उभ्या त्यांनी ठरवलं, हे मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही.

मी पाटावर बसले. आप्पा माझ्या डाव्या हाताला, नुसत्या जमिनीवर बसले. आई कुठं होती ते मला दिसत नव्हतं, पण मागून तिचं नाक ओढणं ऐकू येत होतं. गुरुजींनी माझ्या तळहातावर पाणी घातलं. गोत्र त्यांना ठाऊक होतं. वर्ष, मास, तिथी असं भरभर म्हणत ते आले आणि थांबले.

"नाव?"

मी तोंड उघडलं.  तळहातातलं पाणी बोटांतून गळायला लागलं. गुरुजींनी परत विचारलं, "नाव काय घ्यायचं?"

"कुंदा रघुनाथ शेट्ये," आप्पा म्हणाले. "मोठ्यानं म्हणा, गुरुजी. पडवीत सगळ्यांना ऐकू जाऊ दे."